गो-टू दुर्बीण घेतली, पण गुरू सापडेना? अलाइनमेंट आणि सॉफ्टवेअरची सोपी उकल

बटण दाबलं की दुर्बीण आपणहून शनीकडे वळते, हे वाचून अनेक घरांत संगणकीय म्हणजे ‘गो-टू’ दुर्बीण येते. पहिल्या रात्री गच्चीवर सगळं घर जमतं. मोटर घुर्रर्र करत फिरते, शेजारच्या टाकीवर जाऊन थांबते आणि पडद्यावर ‘अलाइनमेंट फेल्ड’ असं लिहून येतं. असं दोन-तीनदा झालं की दुर्बीण माळ्यावर जाते. बहुतेक वेळा दोष ना काचेचा असतो, ना मोटरचा. दुर्बिणीला आकाशाची ओळख करून देण्याची पायरी चुकलेली असते.

ही पायरी नेमकी काय आहे, ती करण्याच्या पद्धती कोणत्या, आणि मोबाइल किंवा लॅपटॉपवरून दुर्बीण चालवायची तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, याची ही माहिती. सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार एसई मालिका आणि स्काय-वॉचरच्या सिनस्कॅन दुर्बिणी भारतातले हौशी निरीक्षक मोठ्या प्रमाणावर वापरतात, म्हणून उदाहरणं त्यांचीच घेतली आहेत. तत्त्व सगळीकडे सारखंच आहे.

दुर्बिणीला काय माहीत नसतं?

हँड कंट्रोलमध्ये हजारो तारे, तारकागुच्छ आणि दीर्घिकांची यादी भरलेली असते. कोणती वस्तू आकाशगोलावर कुठे आहे, हे त्याला पाठ असतं. पण आपण स्वतः कुठे उभे आहोत, किती वाजले आहेत आणि नळी सध्या कुठे बघते आहे, यातलं काहीच त्याला ठाऊक नसतं. हातात शहराचा नकाशा आहे, पण आपण कोणत्या चौकात उभे आहोत ते माहीत नाही, तशी त्याची गत असते.

एक तारा दाखवला की नकाशावरचा एक बिंदू पक्का होतो. पण त्या बिंदूभोवती नकाशा कसाही फिरू शकतो. दुसरा तारा दाखवला की फिरणं थांबतं. तिसरा तारा तिपाईचा कल आणि जोडणीतल्या बारीक चुका भरून काढायला मदत करतो. अलाइनमेंट म्हणतात ती एवढीच.

ओळख पटल्यावर दुसरं काम सुरू होतं, ते म्हणजे वस्तूचा पाठलाग. पृथ्वी फिरते त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं. २०० पट वर्धनाला साध्या आयपीसमधून गुरू बघत असाल, तर मोटर बंद असताना तो साधारण एका मिनिटात या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन दिसेनासा होतो. अलाइनमेंट नीट झाली असेल तर तो तासभर मधोमध राहतो.

अंधार पडण्याआधीची कामं

अर्धं यश संध्याकाळी उजेड असतानाच मिळवायचं असतं.

तिपाई सपाट आणि घट्ट जागी ठेवा आणि बुडबुड्याच्या पातळीमापकाने समतल करा. गच्चीचा उतार डोळ्यांना जाणवत नाही, दुर्बिणीला जाणवतो.

शोधक म्हणजे फाइंडर आणि मुख्य नळी एकाच ठिकाणी बघताहेत ना, ते दिवसाच तपासा. लांबचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस मुख्य आयपीसच्या मधोमध आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच टोकावर बसवा. हे करताना नळी सूर्याच्या आसपासही नेऊ नका. योग्य सौर फिल्टर पुढच्या तोंडाला बसवल्याशिवाय दुर्बिणीतून किंवा फाइंडरमधून सूर्य पाहिला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट वीज. एसई मालिकेत ८ पेन्सिल सेल बसतात, पण मोटरच्या ओढीने ते लवकर उतरतात. व्होल्टेज पडलं की दुर्बीण भलतीकडे पळते, मध्येच रीसेट होते, आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. १२ व्होल्टची चांगली बॅटरी किंवा अ‍ॅडॉप्टर हा पहिला खर्च समजा.

तारीख, वेळ, ठिकाण: घोळ होतो तो इथेच

हे हँड कंट्रोल परदेशी सवयीने बनलेले आहेत. भारतात चार ठिकाणी हमखास चूक होते.

तारीख महिना आधी आणि दिवस नंतर अशी भरायची असते. ५ डिसेंबर म्हणजे १२/०५. आपल्या सवयीने ०५/१२ भरलं तर दुर्बीण मे महिन्याचं आकाश धरून चालते.

भारतीय वेळ यूटीपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. टाइम झोनच्या यादीत साडेपाचचा पर्याय दिसला नाही, तर ५ किंवा ६ निवडून वेळ मारून नेऊ नका. अर्ध्या तासाची चूक म्हणजे आकाशात साडेसात अंशांची चूक. अशा वेळी झोन शून्य म्हणजे युनिव्हर्सल ठेवा आणि घड्याळातून साडेपाच तास वजा करून वेळ भरा. रात्री ८ वाजले असतील तर दुपारचे १४:३०. पहाटे २ वाजता निरीक्षण असेल तर यूटीत आदल्या दिवशीचे २०:३० होतात, म्हणजे तारीखही एक दिवस मागची द्यावी लागते.

‘डे-लाइट सेव्हिंग’ विचारलं तर उत्तर नाही. आपल्याकडे ‘स्टँडर्ड’ हाच पर्याय.

चौथी चूक अक्षांश-रेखांशाची. मोबाइलचा नकाशा बेळगाव १५.८५ अंश असं दशांशात दाखवतो, तर हँड कंट्रोल अंश आणि मिनिटं मागतो. १५.८५ म्हणजे १५ अंश ८५ मिनिटं नव्हे, ती होतात १५ अंश ५१ मिनिटं. दशांशाच्या पुढचा भाग ६० ने गुणायचा. यादीत आपलं गाव नसेल तर जवळचं म्हणून मुंबई निवडण्याची गरज नाही, ‘कस्टम साइट’मध्ये हे आकडे भरता येतात. शहरांच्या मध्याचे अंदाजे आकडे असे:

- बेळगाव: उत्तर १५°५१′, पूर्व ७४°३०′
- पणजी: उत्तर १५°२९′, पूर्व ७३°५०′
- हैदराबाद: उत्तर १७°२३′, पूर्व ७८°२९′
- बडोदा: उत्तर २२°१८′, पूर्व ७३°११′
- इंदूर: उत्तर २२°४३′, पूर्व ७५°५१′
- ग्वाल्हेर: उत्तर २६°१३′, पूर्व ७८°११′

शहराच्या दुसऱ्या टोकाला असलात तरी हेच आकडे चालतात. ठिकाण एकदा भरलं की लक्षात राहतं. वेळ मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये दर रात्री नव्याने द्यावी लागते.

कोणती पद्धत कोणासाठी?

स्काय-अलाइन (नेक्सस्टार): आकाशातल्या कोणत्याही ३ ठळक वस्तू दाखवायच्या. नावं माहीत असण्याची गरज नाही, चंद्र किंवा ठळक ग्रहही चालतो. तिघांमधली अंतरं मोजून कंट्रोल स्वतःच ओळखतो की हे कोण. नवख्याला ही सोपी वाटते, पण वेळ किंवा ठिकाण चुकलं तर हीच आधी फसते.

ऑटो टू-स्टार (नेक्सस्टार): पहिला तारा यादीतून नावाने निवडून दाखवायचा. दुसऱ्याकडे दुर्बीण आपणहून वळते, आपण फक्त मधोमध आणायचा. एक तारा नक्की ओळखता येत असेल तर ही पद्धत स्काय-अलाइनपेक्षा भरवशाची.

ब्रायटेस्ट स्टार (सिनस्कॅन): ठळक तारा कोणत्या दिशेला दिसतो ते सांगायचं. त्या दिशेच्या ठळक ताऱ्यांची छोटी यादी कंट्रोल समोर ठेवतो.

टू-स्टार (दोन्हींत): दोन्ही तारे आपण नावाने निवडायचे. तारे ओळखणाऱ्यांची ही आवडती.

वन-स्टार आणि सोलर सिस्टिम: ढगांच्या फटीतून एकच तारा किंवा फक्त चंद्र दिसत असेल तेव्हाची तडजोड. त्याच भागातलं काही बघायला पुरते.

पद्धत कोणतीही असो, तारा मधोमध आणताना शेवटची हालचाल नेहमी वर आणि उजवीकडे या बटणांनीच संपवा. गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते. शेवटची ओढ दर वेळी एकाच बाजूची असेल तर ती चूक वाढत नाही. आणखी एक युक्ती: फोकस थोडा बिघडवला की ताऱ्याचा मोठा गोल दिसतो. ठिपक्यापेक्षा गोल मधोमध बसवणं सोपं जातं.

पडद्यावर ‘कपेला’, आपल्या तोंडी ब्रह्महृदय

मराठी घरांत पंचांगामुळे नक्षत्रांची नावं कानावर असतात. पडद्यावर मात्र पाश्चात्त्य नावं येतात. दोन्हींची जोडी जमली की अर्धी भीती जाते. व्याध म्हणजे सिरियस, अगस्ती म्हणजे कॅनोपस, ब्रह्महृदय म्हणजे कपेला, रोहिणी म्हणजे अल्डेबरन, मृगातला तांबूस काक्षी म्हणजे बीटलज्यूस आणि पांढरा राजन्य म्हणजे रायजेल. प्रश्वा म्हणजे प्रोसियन, मघा म्हणजे रेग्युलस, चित्रा म्हणजे स्पायका, स्वाती म्हणजे आर्क्ट्युरस, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस, अभिजित म्हणजे व्हेगा आणि श्रवण म्हणजे अल्टेअर.

दोन तारे निवडताना ते आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत हवेत. क्षितिजालगतचे टाळा, कारण हवेमुळे तिथे तारा खऱ्या जागेपेक्षा वर दिसतो. अगदी डोक्यावरचेही टाळा, तिथे आडव्या-उभ्या चालणाऱ्या माउंटला दिशा नीट पकडता येत नाही. बेळगावात रोहिणी जवळजवळ डोक्यावरून जाते, हैदराबादेत स्वाती. त्यामुळे ते माथ्यावर असताना नकोत, कलले की चालतात.

संध्याकाळी साधारण ८ ते साडेआठच्या सुमारास उपयोगी पडणाऱ्या काही जोड्या:

- फेब्रुवारी: उत्तरेला ब्रह्महृदय, दक्षिण-आग्नेयेला व्याध
- एप्रिल: पूर्वेला स्वाती, पश्चिमेला प्रश्वा
- मे: पश्चिमेकडे मघा, आग्नेयेला चित्रा
- ऑक्टोबर: वायव्येला अभिजित, आग्नेयेला फोमलहौट

सगळ्यात जास्त फसवणूक पुनर्वसूचे दोन तारे करतात. कॅस्टर आणि पोलक्स यांच्यात जेमतेम साडेचार अंश अंतर आहे. एकाऐवजी दुसरा दाखवला तर आकाशाचा सगळा नकाशा तेवढा सरकतो. काक्षी आणि रोहिणी दोघेही तांबूस, तिथेही तीच गल्लत होते. दुर्बीण आपली चूक पकडते ती अंतरावरून. व्याध आणि प्रश्वा यांच्यात सुमारे २६ अंश असायला हवेत, प्रत्यक्षात वेगळेच भरले की ‘फेल्ड’चा संदेश येतो. म्हणजे हा संदेश बिघाडाचा नाही, इशाऱ्याचा आहे.

मोबाइलवरून चालवायची तर

दुर्बिणीत वाय-फाय असेल किंवा वेगळं वाय-फाय उपकरण जोडलं असेल, तर हँड कंट्रोलचं काम मोबाइल करतो. सेलेस्ट्रॉनसाठी स्कायपोर्टल आणि स्काय-वॉचरसाठी सिनस्कॅन ही अ‍ॅप फुकट आहेत. मोठा फायदा असा की तारीख, वेळ आणि ठिकाण फोनकडूनच जातं, त्यामुळे वर सांगितलेल्या चारही चुका एका झटक्यात टळतात. सिनस्कॅन अ‍ॅपमध्ये सुरुवातीला माउंट समतल करून नळी उत्तरेकडे ठेवायची असते, एवढं लक्षात ठेवावं.

स्कायसफारीची प्लस आणि प्रो आवृत्ती, तसंच स्टेलॅरियमची मोबाइलवरची प्लस आवृत्ती विकत घ्यावी लागते. नकाशा सुंदर आणि यादी मोठी मिळते. नुसती साधी आवृत्ती घेऊन ‘दुर्बीण जोडता येत नाही’ अशी तक्रार होते, ती यामुळेच.

जोडणी तुटण्याचं नेहमीचं कारण फोनची हुशारी असतं. दुर्बिणीच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं. फोनला ते जाणवलं की तो गुपचूप मोबाइल डेटाकडे किंवा घरच्या वाय-फायकडे जातो. निरीक्षणापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा आणि ‘इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का’ या प्रश्नाला हो म्हणावं. दुसऱ्या अ‍ॅपने पत्ता मागितला तर सेलेस्ट्रॉनच्या वाय-फायचा पत्ता १.२.३.४ आणि पोर्ट २००० असतो.

लॅपटॉपवरून चालवायची तर

- स्टेलॅरियम: फुकट, मुक्त स्रोत. आकाश हुबेहूब दिसतं, त्यामुळे मुलांना शिकवायलाही चांगलं. भारतीय नक्षत्रांचा पर्यायही यात आहे. दुर्बीण चालवण्याचं प्लगइन सुरू केलं की वस्तू निवडून कंट्रोल आणि १ दाबायचं, दुर्बीण तिकडे वळते.
- कार्ट द्यू सिएल: फुकट. दिसायला साधं, नकाशा तपशीलवार, जुन्या लॅपटॉपलाही झेपतं.
- केस्टार्स: फुकट. लिनक्स वापरणाऱ्यांची पहिली पसंती. त्यातल्या एकोस या भागातून कॅमेरा आणि दुर्बीण दोन्ही चालतात.
- सीपीडब्ल्यूआय: सेलेस्ट्रॉनचं विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर. हवे तितके तारे जोडत जाऊन अलाइनमेंट सुधारता येते.

सॉफ्टवेअर आणि दुर्बीण यांच्यामध्ये दुभाष्या लागतो. विंडोजवर त्याचं नाव अ‍ॅस्कॉम, लिनक्सवर इंडी. दोन्ही फुकट आहेत. अ‍ॅस्कॉमचा मूळ संच आधी आणि आपल्या माउंटचा ड्रायव्हर नंतर, हा क्रम पाळायचा.

एसई मालिकेत केबल माउंटच्या बुडात नाही, तर हँड कंट्रोलच्या तळाला लागते. नव्या कंट्रोलला यूएसबीचं तोंड आहे. जुन्याला सिरियल केबल आणि यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर दोन्ही लागतात. जोडल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा आकडा बघून तोच सॉफ्टवेअरमध्ये द्यायचा. दुर्बीण जोडलीच जात नसेल तर दहापैकी बहुतेकदा हा आकडा तरी चुकलेला असतो किंवा कन्व्हर्टरचा ड्रायव्हर तरी.

सगळं जोडलं, तरी प्रत्येक वस्तू थोडी बाजूलाच दिसते? मग निर्देशांकांचं वर्ष तपासा. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे ताऱ्यांचे निर्देशांक हळूहळू बदलतात. सॉफ्टवेअर २००० सालचे आकडे पाठवत असेल आणि दुर्बीण आजचे समजत असेल, तर आता हा फरक साधारण एक तृतीयांश अंशाचा झाला आहे. ८ इंची एसईला २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून जेमतेम ०.६ अंश आकाश दिसतं. म्हणजे वस्तू थेट कडेबाहेर. स्टेलॅरियमच्या प्लगइनमध्ये ‘जे-नाऊ’ निवडलं की हा प्रश्न मिटतो.

अलाइनमेंट कोणाच्या डोक्यात आहे?

सगळ्यात मोठा गोंधळ या मुद्द्यावर होतो. दोन व्यवस्था आहेत. पहिलीत अलाइनमेंट हँड कंट्रोल करतो, लॅपटॉप फक्त ‘इथे जा’ असा निरोप पाठवतो. स्टेलॅरियम किंवा कार्ट द्यू सिएल हँड कंट्रोलमार्फत जोडलं तर असं होतं. अलाइनमेंट आधी कंट्रोलवर पूर्ण करायची, मग लॅपटॉप जोडायचा.

दुसरीत अलाइनमेंट सॉफ्टवेअरच्या ताब्यात असते. स्कायपोर्टल, सिनस्कॅन अ‍ॅप आणि सीपीडब्ल्यूआय या गटातली. इथे कंट्रोलवर केलेली अलाइनमेंट अ‍ॅपला कळत नाही आणि अ‍ॅपवरची कंट्रोलला कळत नाही. अर्धं काम इकडे आणि अर्धं तिकडे केलं की दुर्बीण गोंधळलेली दिसते. एका रात्री एकच मालक, हा नियम पाळला तर निम्म्या तक्रारी उरत नाहीत.

तारे न ओळखताच?

कॅमेऱ्याने आकाशाचा फोटो घ्यायचा, त्यातल्या ताऱ्यांची रचना यादीशी जुळवायची आणि नळी कुठे बघते ते काढायचं, या तंत्राला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. एएसटॅपसारखी फुकट सॉफ्टवेअर हे काम लॅपटॉपवर करतात. सेलेस्ट्रॉनचा स्टारसेन्स ऑटोअलाइन कॅमेरा दुर्बिणीलाच बसतो आणि अलाइनमेंट आपणहून उरकतो. स्टारसेन्स एक्सप्लोररच्या स्वस्त दुर्बिणींना मोटर नसते. कप्प्यात ठेवलेला फोन आकाश ओळखतो आणि बाण दाखवतो, नळी हाताने हलवायची. विकत घेण्याआधी आपला फोन कंपनीच्या यादीत आहे का, एवढं बघून घ्यावं.

२०२३ मध्ये आलेल्या सीस्टार एस-५० सारख्या स्मार्ट दुर्बिणी तर अलाइनमेंट विचारतच नाहीत. पण त्यांना आयपीस नसतो, चित्र फोनवर दिसतं. शनीची कडी स्वतःच्या डोळ्याने बघायची हौस असेल तर त्या उपयोगाच्या नाहीत.

ध्रुवाकडे तोंड करणारे माउंट

काही दुर्बिणी विषुववृत्तीय माउंटवर येतात. त्यांचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितकाच त्या गावाचा अक्षांश. इंदूरहून जवळ असलेल्या उज्जैनच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र याच तत्त्वावर उभं आहे. त्याची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर, म्हणजे सुमारे २३ अंशांनी कललेली आहे. ग्वाल्हेरला ध्रुव २६ अंशांवर असतो, बेळगाव-पणजीत जेमतेम साडेपंधरा ते सोळा अंशांवर. म्हणजे दक्षिणेकडे तो इमारती, झाडं आणि धुरकट हवेत सहज हरवतो. ज्यांच्या गच्चीवरून उत्तर मोकळी दिसत नाही, त्यांनी पहिली दुर्बीण आडव्या-उभ्या माउंटचीच घ्यावी. लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे असतील तरच विषुववृत्तीय माउंटचा खटाटोप करावा.

फसलं तर या क्रमाने बघा

१. बॅटरी भरलेली आहे का?
२. महिना-दिवस, साडेपाच तास आणि डे-लाइट सेव्हिंग बरोबर आहे का?
३. अक्षांश-रेखांश मिनिटांत भरले आहेत का?
४. फाइंडर आणि नळी जुळतात का?
५. दाखवलेला तारा खरोखर तोच होता का?
६. अलाइनमेंट एकाच ठिकाणी केली का?

सगळं बरोबर असून वस्तू किंचित बाजूला येत असेल, तर जवळच्या ठळक ताऱ्यावर ‘सिंक’ करा. सिनस्कॅनमध्ये याच कामासाठी ‘पीएई’ आहे, नेक्सस्टारमध्ये ‘प्रिसाइज गो-टू’. दुर्बीण रात्रभर त्याच जागी झाकून ठेवता येत असेल तर बंद करण्याआधी ‘हायबरनेट’ किंवा ‘पार्क’ वापरा, दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट वाचते. फर्मवेअर बदलायचं असेल तर वीज जाण्याची भीती असताना नको, आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या.

मग सुरुवात कशी करावी?

पहिले काही आठवडे फक्त हँड कंट्रोल आणि ऑटो टू-स्टार. दुर्बिणीत वाय-फाय असेल तर कंपनीचं फुकट अ‍ॅप. दुपारी घरात बसून स्टेलॅरियमवर आज रात्री काय दिसेल ते बघावं. लॅपटॉप, अ‍ॅस्कॉम आणि पैसे देऊन घ्यायची अ‍ॅप ही नंतरची गोष्ट. तरीही अडलंच तर जवळच्या खगोल मंडळाच्या निरीक्षणाला दुर्बीण घेऊन जावं. पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी आणि पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना जोडत आली आहे. माहीतगार माणसाशेजारी उभं राहून केलेली एक अलाइनमेंट पुढच्या अनेक रात्री वाचवते. पावसाळ्यात दुर्बीण कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी, आणि ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळं झालं की पहिल्याच रात्री बाहेर काढावी.